डॅशबोर्डवरची पितळी गदा

चोऱ्या, मारामाऱ्या, खून, सगळ्याचा तपास केला. पण डोळ्यांसमोरून जात नाही ती एक वीतभर पितळी गदा. त्या तपासात मी कसा वागलो हे नोकरीत असताना कुणाला सांगितलं नाही. आता पेन्शनीत निघालोय, लाजून करायचं काय?

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालेला, घासत घासत वर आलेला माणूस. माझ्या हाताखाली एक फौजदार मॅडम आल्या. वय सत्तावीस, परीक्षा देऊन थेट खांद्यावर दोन तारे. हुशार, कामाला वाघ, आणि म्हणूनच मला खुपायच्या. महिन्याच्या गुन्हे बैठकीत वरिष्ठांनी माझ्यादेखत त्यांचं कौतुक केलं, त्या दिवशी मला घास गिळेना. बायकोनं ओळखलं. म्हणाली, "लेकीच्या वयाच्या पोरीवर जळताय व्हय?" मी ताटावरून उठलो.

अशात तो अपघात झाला. मुरगूडचं एक जोडपं नव्या गाडीतून शहरात येत होतं. आमच्या हद्दीत रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती, गाडी तिच्यावर जाऊन आदळली. वेग फार नव्हता. दोघांनी पट्टे लावले होते, दोन्ही एअरबॅग उघडल्या. नवरा खरचटण्यावर सुटला. शेजारी बसलेल्या बायकोचा मात्र जबडा मोडला, कपाळ फुटलं, आणि ती शुद्धीवर येईना. तिच्या पायाशी गदा पडली होती, रक्तानं माखलेली. नवरा पूर्वीचा पैलवान. जत्रेच्या मैदानात जिंकलेली ती गदा त्यानं मंगळवार पेठेतल्या एका दुकानात नेऊन डॅशबोर्डवर, बायकोच्या बरोबर समोर बसवून घेतली होती. आमच्याकडं बुलेटपासून ट्रॅक्टरपर्यंत कशावरही काहीतरी मिरवायला लागतंच की!

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर घेऊन आला तो गदा बसवणाऱ्या दुकानाच्या समोरचाच दुकानदार. माझ्या ओळखीचा. आमच्या सरकारी गाडीत सायरनचा डबा त्यानंच बसवून दिला होता. शेजारच्या ठाण्याच्या गाडीत तसला डबा बघून मला राहवलं नव्हतं. त्यांच्यापेक्षा मोठा बसव, म्हणून मीच त्याला सांगितलं होतं.

खुर्ची पुढं ओढून तो हळूच म्हणाला, "सायेब, ह्यो अपघात न्हाय. गदा बसवणाऱ्याला इचारा, ती गदा जिंकताना पैलवानानं कुणाला लोळवलं हुतं."

"कुणाला?"

"त्यालाच की! भर मैदानात चितपट. तवापास्नं जळतोय त्यो. दोन स्क्रू मारून मुद्दाम तिथं बसवलीय."

मला हे पटायला दोन मिनिटं लागली नाहीत. जळणारा माणूस काय करू शकतो याची मला घरबसल्या माहिती होती. खबऱ्याचं स्वतःचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात चाललंय, तोही जळतोय, हे मात्र डोक्यात आलं नाही.

गदा बसवणाऱ्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, मोडक्या कानाचा माणूस. मी टेबलावर हात आपटून विचारलं, "कुस्ती हरलास म्हणून त्याच्या बायकोच्या जिवावर उठलास?"

"आई अंबाबाईची आण, सायेब! कुस्ती मैदानात संपली. त्येनं पाडलं, म्या मान्य केलं, आन् दोघांनी एका ताटात मटण खाल्लं. गदा मधी बसंना, डावीकडं जागा सपाट हुती. नुसत्या चिकटपट्टीनं टिकंना म्हणून स्क्रू मारलं."

"झाकणावर एअरबॅग लिहिलंय ते दिसलं नाही?"

"दिसलं की. पर ती आत असतीया, वरनं काय लावलं तर काय हुतंय, असं वाटलं."

मी हसलो. इतका भोळा असतो का कुणी? खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायचं मी मनात पक्कं केलं. त्याला संध्याकाळपर्यंत बसवून घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहायला सांगितलं. बाहेर बाकड्यावर त्याची बायको रडत होती. तिची कॉलेजला जाणारी लेक मला म्हणाली, "आमच्या बापानं आयुष्यात कोंबडीबी कापली न्हाय, सायेब." मी तिच्याकडं बघितलंही नाही.

पुढच्या दिवशी सकाळी अकराला मॅडमनी माझ्या टेबलावर तीन पानी अहवाल ठेवला. "सर, आज अटक करायच्या आधी एवढं वाचून घ्या. आणि आपली गाडी बाहेर काढण्यापूर्वी..."

मी तोडलं. "मला वाचता येतं मॅडम. तुमच्या जन्माआधीपासून अहवाल वाचतोय."

त्या सॅल्यूट करून बाहेर गेल्या. मी अहवाल फायलीखाली सरकवला. वाचला असता आणि त्यात तथ्य निघालं असतं, तर बैठकीत पुन्हा त्यांचंच नाव निघालं असतं. खोटं कशाला बोलू, एवढंच कारण होतं. थोड्या वेळानं त्या दवाखान्यात जायला सरकारी गाडीत बसल्या, तेही मागं. मी खिडकीतून बघत पुटपुटलो, "बघा, फौजदार झाल्या आणि मालकिणीसारख्या मागं बसायला लागल्या."

गाडी परत आल्यावर मी ती घेऊन कागलला जाऊन आलो. पुढं, डावीकडं, माझ्या नेहमीच्या जागेवर. गदावाला दिवसभर ठाण्यात बसून होता.

सात वाजता अटकेचे कागद सहीला आले तेव्हा फाईल उचलली आणि खालचा अहवाल हाताशी आला. नाइलाजानं वाचायला घेतला.

मॅडमनी गाडीसोबत मिळणारं माहितीपुस्तक वाचून काढलं होतं. आरटीओच्या निरीक्षकांना गाडी दाखवली होती. धडक बसली की एअरबॅगचं ते झाकण डोळ्याची पापणी लवायच्या आत फाटतं. त्यावर किंवा त्याच्यासमोर जे काही असेल ते थेट माणसाच्या तोंडावर येतं. म्हणून तिथं काहीही बसवायचं नाही, असं पुस्तकात चित्रासह छापलेलं. पुढं लिहिलं होतं की काल गदावाल्याच्या घरचे जेवणाचा डबा घेऊन त्याच्याच गाडीतून आले, तेव्हा मॅडमनी गाडीत डोकावून पाहिलं. डाव्या झाकणावर पितळी नंदी, तसेच दोन स्क्रू मारलेला. त्या सीटवर त्याची लेक बसून आली होती. जखमी बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबावं, पण स्वतःच्या लेकीसमोर तेच बसवणाऱ्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा टिकत नाही, हा निष्काळजीपणा आहे, असं त्यांचं मत होतं. नंदी त्यांनी त्याच क्षणी काढायला लावला होता.

शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. 'खबर देणाऱ्या इसमाने ठाण्याच्या वाहनातही सायरनचा डबा त्याच जागी बसविला आहे. प्रभारी अधिकारी नेहमी त्या आसनावर बसतात. डबा काढेपर्यंत त्यांनी तेथे बसू नये, ही विनंती.'

मी मॅडमना आत बोलावलं. "तुम्ही म्हणून मागं बसला होता?"

"हो सर. ड्रायव्हरकडं पेचकस नव्हता, आणि तुमच्या परवानगीशिवाय काढता येईना. सकाळी तेच सांगत होते."

ही पोर माझा जीव वाचवायला बघत होती, आणि मी तिचं नाव होऊ नये म्हणून तो कागद आठ तास दाबून ठेवला. त्या आठ तासांत खुनाचा विचारही मनात नसलेल्या एका माणसाच्या घरात चूल पेटली नव्हती.

अटकेचे कागद फाडले. गदावाल्याला घरी पाठवलं. निष्काळजीपणाचा गुन्हा रीतसर दाखल झाला. बाई बाराव्या दिवशी शुद्धीवर आली. जबाब लिहूनच दिला, जबडा बांधलेला होता ना. लिहिलं, 'गदा माझ्यासमोर लावा म्हणून मीच हट्ट केला.'

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि हा तपास कुणाचा ते सांगितलं. आठ तासांचं मात्र गिळलं. ते आज इथं लिहितोय.

गुन्हेगाराच्या डोळ्यांतला हेवा मला लांबून ओळखता यायचा, याचा मला गर्व होता. तो माझ्याच खुर्चीत बसलाय हे कळायला एका पोरीचा अहवाल लागला. अहवाल वाचला त्याच संध्याकाळी सायरनचा डबा मी स्वतः खोलला. शेवटचा स्क्रू निघेना, तेव्हा मॅडमनी बॅटरी धरली, आणि मी पहिल्यांदा त्यांना "बेटा, जरा इकडं उजेड दे" म्हणालो.