पिवळ्या खांबापाशी

आमच्या ह्यांच्या निवृत्तीची मी ह्यांच्यापेक्षा जास्त वाट पाहिली. हे सरकारी गॅस पाइपलाइन कंपनीत इंजिनीअर. समुद्रकिनाऱ्यापासून दिल्लीपर्यंत जमिनीखालून येणारी लाइन सांभाळायची, म्हणजे आज गुजरात, उद्या मध्य प्रदेश, शेवटी गाझियाबाद. लेकीच्या बारशालाही हे कुठल्याशा कॉम्प्रेसर स्टेशनवर. सहलीला निघालो तरी लाइनची खूण म्हणून शेतात रोवलेले पिवळे खांब दाखवणार, ही बघ आपली लाइन. बाई गं, खांबात काय बघायचं?

ह्यांच्या ऑफिसात निरोप समारंभाला बायकोलाही दोन शब्द बोलायला लावतात. मी स्वयंपाकघरात तालीम करून ठेवली होती, सगळ्या तक्रारींची. पण खरं सांगू, मला बोलण्यापेक्षा ऐकायचं होतं. मोठे साहेब भाषण करणार होते. घरी हा माणूस कामाबद्दल चकार शब्द काढत नाही. एकदा तरी कुणी चारचौघांत ह्यांना चांगलं म्हणावं आणि मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकावं, एवढीच हौस.

समारंभाच्या दिवशी दुपारी नटूनथटून निघालो. दिल्लीच्या वाटेवर ह्यांनी एकदम गाडी बाजूला घेतली. पिवळ्या खांबाला लागूनच एक जेसीबी चर खणत होता. नव्या सुटात हे धावत गेले आणि थेट मशीनसमोर उभे राहिले. खाली गॅसची लाइन आहे, हे हिंदीत समजावून झालं. ड्रायव्हरचं एकच, ठेकेदाराने आजच संपवायला सांगितलंय. ह्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला. गस्तीची माणसं निघाली, पण पोचायला वेळ लागणार होता.

"फोन केलात ना? आता चला," मी म्हणाले. "साहेबांचं विमान आहे, ते थांबायचे नाहीत."

"मी वळलो की हा मशीन सुरू करेल. आणि आज संध्याकाळपर्यंत मी नोकरीत आहे."

असा संताप झाला म्हणून सांगू! गाडीत धुसफुसत बसून राहिले. शेजारून रिक्षा, बस जात होत्या, बहुतेक गॅसवरच चालणाऱ्या. समोरच्या सोसायटीत कुणी चहा टाकला असेल. हा पिकल्या केसांचा माणूस चिखलात बूट रुतवून कशासाठी उभा आहे, याचा कुणाला पत्ता नव्हता. मला होता. राग कधी उतरला कळलंच नाही. ऑफिससाठी केलेले बेसनाचे लाडू काढले, ह्यांना दिले, मशीन बंद करून उतरलेल्या त्या ड्रायव्हरलाही दिले. गस्तीची माणसं आली, मगच हे हलले.

पोचलो तेव्हा मोठे साहेब निघून गेले होते. बाकी एकही जण उठला नव्हता. कुणाच्या कपाळाला आठी नाही. सगळ्यांनी आधी विचारलं, लाइन ठीक आहे ना? अशी ही मंडळी. मला त्या सगळ्यांचाच अभिमान वाटला.

मग मला बोलायला बोलावलं. तक्रार एक आठवेल तर शपथ.

"साहेबांच्या तोंडून ह्यांचं कौतुक ऐकायला आले होते," मी म्हणाले. "ते राहिलं. आता मीच करते."

आणि केलं. पहिल्या रांगेत माझ्यासाठी राखलेल्या खुर्चीवर हे बसले होते, बूट चिखलाने भरलेले, मान खाली. बरंच बोलून मी थांबले, तेव्हा ह्यांनी वर पाहिलं.

"अजून बोल ना," हे म्हणाले.