कलकत्त्याचं ऊन आणि माझं प्रमाणपत्र

सासऱ्यांना मारण्याचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला, आणि त्या वेळी माझ्याजवळ प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र होतं.

रेल्वेतल्या बदलीने आम्ही दोघं नवरा-बायको कलकत्त्याला आलो होतो. ऑफिस गार्डन रीचला आणि बिऱ्हाड बेहाला नावाच्या वस्तीत, घोषबाबूंच्या घरात वरच्या मजल्यावर. त्या वर्षी वरून हुकूम आला की प्रत्येक विभागातल्या एका माणसाने प्रथमोपचार शिकलाच पाहिजे. आमच्या विभागातून एकमताने माझी निवड झाली. (त्या दिवशी मी रजेवर होतो.) परीक्षेसाठी मी तक्तेच्या तक्ते पाठ केले. सुमती, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता पुस्तक समोर ठेवून उजळणी घ्यायची.

"ऊन लागल्याची लक्षणं?"

"साधा प्रकार: घाम भरपूर, अंग गार, चेहरा फिका, चक्कर. गंभीर प्रकार: अंग तव्यासारखं तापलेलं, घाम बहुधा आटलेला, माणूस बरळतो, मग बेशुद्धी!"

"उपाय?"

"सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, काखेत नि जांघेत बर्फ, ताबडतोब डॉक्टर!"

मी पहिल्या वर्गात पास झालो. प्रमाणपत्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून बैठकीत टांगलं आणि येणाऱ्या पाहुण्याला त्याच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसवू लागलो. अडचण एकच होती, रोगी मिळत नव्हता. खिळा ठोकताना घोषबाबूंचं बोट चेचलं तेव्हा मी त्यांना कोपरापर्यंत असं बँडेज बांधलं की दोन दिवस त्यांच्या बायकोने त्यांना भरवलं. त्यानंतर त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं तर मला कळू देत नसत.

अशात ज्येष्ठात नागपूरहून तात्या आले. तात्या म्हणजे सुमतीचे वडील. बत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, सरळ ताठ माणूस. सुमतीची आई लवकर गेली, तेव्हा तिची वेणीसुद्धा तात्यांनीच घातलेली. (ती वेणीही म्हणे सावधान स्थितीत असायची.) कलकत्त्याच्या दोन गोष्टी त्यांना मंजूर नव्हत्या. एक मासळी, तिच्या वासाला ते उपरण्याने नाक दाबून गल्ली ओलांडत. दुसरं इथलं ऊन.

"कायचं ऊन हो हे, जावईबापू! आमच्या नागपुरात अशा उन्हात पोरं गोट्या खेळतात!"

मीही अकोल्याचा. मला हे शंभर टक्के पटलं. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांना उन्हाचा भारी अभिमान. जणू ते आम्हीच पिकवतो! कलकत्त्यात नुसता घाम येतो, ऊन लागायला नागपूरच पाहिजे, असं आम्ही दोघांनी जेवताना ठरवून टाकलं. घाम वाळतच नाही अशा दमट हवेत अंगाची आग बाहेर पडायला वाटच नसते, हे मला वर्गात शिकवलं होतं. पण तेव्हा मी बहुधा अकोल्याचा विचार करत होतो.

एका शनिवारी तात्या परतीचं तिकीट काढायला हावड्याला निघाले. मी रेल्वेतला, मी काढून देतो म्हटलं, तर म्हणाले, "जावयाच्या ओळखीने प्रवास? मी रांगेत उभा राहीन. रांग लावण्यात माझा जन्म गेला." बंद गळ्याचा कोट, डोक्याला-कानांना गच्च गुंडाळलेलं उपरणं, खिशात कांदा. आमच्याकडे उन्हात असंच निघतात. तिकडच्या कोरड्या झळांसाठी ते बरोबरही आहे, पण इथे तो चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ठेवण्याचा प्रकार होता. शिवाय बाहेरचं पाणी प्यायचं नाही आणि उन्हातून आल्याबरोबरही पाणी प्यायचं नाही, हे त्यांचे दोन नियम. म्हणजे सकाळी नऊपासून त्यांच्या पोटात थेंब नव्हता.

तीनच्या सुमारास ते जिना चढून आले. मी नुकताच ऑफिसातून आलो होतो. सुमती मागच्या गच्चीवर पापड वाळत घालत होती. तात्या दारात थांबले, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ओरडले, "खोडके! छाती पुढे!"

माझं आडनाव खोडके नाही. पण सासरे थट्टा करताहेत म्हटल्यावर जावयाने काय करावं? मी छाती पुढे काढली.

"अंक मोज!"

"एक!" मी म्हणालो. पुढे कुणीच नव्हतं, म्हणून दोनही मीच म्हणालो. तात्या खुश होतील असं वाटलं, पण ते भिंतीला घसटत खाली बसले. दात वाजत होते. "थंडी," एवढंच म्हणाले.

आणि माझ्यातला प्रमाणपत्रधारी जागा झाला! थंडी वाजते, बरळतात, मुक्काम कलकत्त्यात, म्हणजे मलेरिया! तात्यांना पलंगावर निजवलं. ट्रंकेतली कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली गोधडी काढली, तिच्यावर रजई, तिच्यावर माझा थंडीचा ओव्हरकोट. वारा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या. पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. आल्याचा काढा उकळत टाकला. माणूस शिजवायला याहून जास्त काही लागत नाही.

घोषबाबूंची बायको, आमच्या माशीमा, काहीतरी मागायला वर आल्या आणि दारातच किंचाळल्या. "ए की! एई गोरमे लेप!" या उकाड्यात रजई कसली, असं विचारत होत्या. त्या ओरडण्याने सुमती धावत आली. तात्यांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"तात्या!" उत्तर नाही. डोळे अर्धवट उघडे, नुसते पांढरे. चेहरा लालभडक, अंग कोरडं ठणठणीत.

"मलेरिया आहे," मी समजावलं. "घाम आला की उतरेल."

सुमतीने माझ्याकडे पाहिलं. "अंग तव्यासारखं तापलेलं," ती म्हणाली. "घाम आटलेला. माणूस बरळतो. मग बेशुद्धी." माझा तक्ता, माझ्याच शब्दांत, शेवटपर्यंत. पोळ्या लाटता लाटता तिचा तो पाठ झाला होता. माझा फक्त म्हणून झाला होता.

ओव्हरकोट, रजई, गोधडी एकामागून एक उडाली. माशीमांनी खिडक्या उघडल्या. मी धडपडत पाण्याचा पेला तात्यांच्या तोंडाशी नेला, तर सुमतीने हात पकडला. "शुद्ध नाही त्यांना. श्वासनळीत जाईल. बर्फ आणा." मग अगदी हळू म्हणाली, "तात्यांचं काही बरंवाईट झालं तर मी तुम्हाला बोलणार नाही. कधीच काही बोलणार नाही."

ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घोषबाबू डॉक्टरांकडे पळाले आणि मी बाजारात. त्या वेळी बर्फ एकाच माणसाकडे होता, मासेवाल्याकडे. मी त्याला खुणा केल्या, हात जोडले, शेवटी रडायला लागलो. त्याने रुई मासा बाजूला सारला आणि खालची लादी फोडून गोणपाटात भरून दिली. ते गोणपाट खांद्यावर घेऊन मी बेहालातून धावत सुटलो. पाठीवरून मासळीचं पाणी ओघळत होतं आणि मी मोठ्याने घोकत होतो, "सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा..." लोक बाजूला होत होते. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. मी माणूस मारला होता, आणि तोही तिचा.

घरी तात्यांच्या अंगावर ओली चादर होती. एका बाजूने माशीमा ताडाच्या पंख्याने वारा घालत होत्या, दुसऱ्या बाजूने सुमती हाताला लागेल त्याने. आम्ही काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला. बर्फावर खवले चमकत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या कानात त्यांचा घरघरणारा श्वास तेवढा येत होता आणि पुढचा येईल की नाही, हे प्रत्येक वेळी कळत नव्हतं.

मग तात्यांच्या नाकपुड्या हलल्या. ओठ हलले. सुमती वाकली.

"सुमे," ते पुटपुटले, "घरात मासळी कोणी आणली?"

सुमती हसली आणि हसता हसता जी रडायला लागली, ती डॉक्टर आले तरी थांबेना. डॉक्टरांनी त्यांना इस्पितळात हलवलं. अजून पाव तास रजईत राहिले असते तर डॉक्टरला बोलावण्याची गरजच पडली नसती, असं म्हणाले. तात्या वाचले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. उजवा हात पुढे कायम थरथरायचा, बशीतला चहा सांडायचा. कवायतीच्या मास्तराचा हात थरथरताना बघणं सोपं नव्हतं. मी तेव्हा उगीच खिडकीबाहेर बघायचो.

सुमतीने शब्द पाळला. ती मला तर काही बोलली नाहीच, पण तात्यांनाही रजईचं सांगितलं नाही. त्यामुळे नागपूरला गेल्यावर ते मरेपर्यंत गल्लीभर सांगत राहिले, "जावयाकडे प्रमाणपत्र होतं म्हणून मी वाचलो!"

हे मात्र अक्षरशः खरं आहे. ते प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. पुठ्ठा मधोमध वाकलेला, शाई फुटलेली, एका कोपऱ्यावर सुमतीच्या बोटांचे ठसे. ताडाचा पंखा घरात एकच होता. दुसऱ्या बाजूने अर्धा तास तिने वारा घातला, तो या पुठ्ठ्यानेच.