गिअर पडेल असे बूट

चामराजपेटेत बाइकस्वारांचे बूट विकणाऱ्या अण्णांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते निपाणीकडचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत चाले. बूट घातले की ते म्हणत, "स्वल्प जिना चढून या की, अक्का." आणि चेहऱ्याकडे न बघता पावलांकडे बघत राहत.

अपघातात माझा डावा घोटा मोडला होता. आठ महिने मी बाइकला हात लावला नव्हता. मी सगळ्यांत जाड, कडक बूट मागितले. अण्णांनी मला दारातल्या स्वतःच्या बाइकवर बसवलं.

"गिअर टाका."

पाऊल वाकेचना.

"मग हे मी देणार नाही."

त्यांनी दुसरा जोड काढला. त्याला घोट्यापाशी कडक वाटी होती, बाकी चामडं मऊ. पण वर आलेलं हाड टोचत होतं. त्यांनी तिथे खडूने खूण केली आणि साचा घालून बूट दोन दिवस ताणून ठेवला.

तिसऱ्या दिवशी गिअर सहज पडला.

"सरी? ठीक बसतंय ना?"

"सरी."

अण्णांनी बाइकची किल्ली माझ्या हातात ठेवली. "कोपऱ्यापर्यंत जाऊन या."

मी कोपऱ्यावर न थांबता पार पलीकडच्या मार्केटला वळसा घालून आले.