कागदाच्या कुरडया

आई गेली तेव्हा मला नागपूरला जाता आलं नाही. व्हिसाचा अर्ज मध्येच अडकला होता. देश सोडला तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये बसून मी तिचे अंत्यविधी फोनवर पाहिले. मावसभाऊ फोन धरून गर्दीतून चालत होता, त्यामुळे चित्र हलत होतं. मग नेटवर्क गेलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या कोरियन बाईंनी मला लाँड्री रूममध्ये हटकलं. त्या साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. फोटोग्राफर आहेत एवढंच मला ठाऊक होतं.

"हल्ली तू मशीन बंद झालं तरी समोर उभीच असतेस," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. एवढंच विचारलं, "आई आठवते तेव्हा ती कुठे दिसते तुला?"

"गच्चीवर," मी म्हणाले.

मग त्यांना कुरडई म्हणजे काय ते समजावलं. भर उन्हाळ्यात आई गव्हाचा चीक शिजवायची, सोऱ्यातून त्याची पांढरी वेटोळी पाडून गच्चीवर वाळत घालायची. काठी घेऊन कावळे हाकलायचं काम माझं. आठ वर्षांची असताना एकदा मी खाटेवर झोपून गेले. जाग आली तेव्हा आई उन्हात बसली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर पदराची सावली धरलेली. किती वेळ बसली होती कोण जाणे. रागावली नाही.

बाई ऐकत राहिल्या. मग मला त्यांच्या गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. तिथे गाडी नव्हती. रंगाचे डबे, तारा आणि तुतीच्या सालीपासून केलेल्या कोरियन कागदाचे गठ्ठे होते.

"मी खोलीत स्वप्न बांधते आणि त्याचा फोटो काढते," त्या म्हणाल्या. "सगळं हाताने. कॉम्प्युटरवर नंतर काही जोडायचं नाही. सोलमध्ये शिकले तेव्हापासूनचा हट्ट. तुझी गच्ची बांधूया?"

मी हो का म्हटलं, मला आजही नीट सांगता येत नाही. पुढचे दोन महिने दर शनिवार-रविवार मी तिथे होते. कागदाच्या बारीक पट्ट्या पिळायच्या, खळीत बुडवायच्या, वेटोळी करून वाळवायच्या. बोलणं फारसं नसायचं. जमिनीवर कुरडया पसरल्या, मग भिंतींवर चढल्या, मग छतावर. काळ्या कापडाचे माणसाएवढे उंच कावळे त्यांनी एकटीने शिवले. मधोमध एक खाट ठेवली आणि माझ्याकडे असलेली आईची एकुलती एक साडी तीवर अंथरली.

फोटोच्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू झोपणार की जागी राहणार?"

"जागी राहीन," मी म्हटलं.

काठी घेऊन मी रिकाम्या खाटेशेजारी बसले. चेहऱ्यावर काही आणू नकोस, नुसती राखण कर, असं त्या म्हणाल्या. दिव्यांची धग लागत होती. पाय बधिर झाले. पण उठावंसं वाटलं नाही. स्मशानात मी जे करू शकले नव्हते ते नव्हतं हे, त्याची भरपाईही नव्हती. तरी काहीतरी करत होते.

संध्याकाळी आम्ही दोघींनी सगळं पाडलं. मला ते सहन होईना. "एक भिंत तरी ठेवा," मी म्हणाले.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची खोली बांधायला जागा लागते."

बाबांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. "एवढ्या कुरडया तळणार कोण, म्हणाली असती," ते म्हणाले, आणि व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. आईला जाऊन तोवर तीन महिने झाले होते.

हिवाळ्यात बाईंनी मला परत बोलावलं. गॅरेजमध्ये निळ्या कापडाच्या लाटा होत्या, छातीपर्यंत आलेल्या. त्यांवर तरंगल्यासारखी एक न्हाव्याची खुर्ची, समोर आरसा. त्यांच्या वडिलांचं बुसानच्या बंदराजवळ केस कापायचं दुकान होतं. ते वारले तेव्हा बाई इथे एका प्रदर्शनाच्या तयारीत होत्या. गेल्या नाहीत. त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

"वीस वर्षं इतरांच्या खोल्या बांधल्या," त्या म्हणाल्या. "ही बांधायचं टाळलं."

त्या खुर्चीत बसल्या, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून. कॅमेऱ्यामागे मी. आरशात त्यांची नजर स्थिरावायला बराच वेळ लागला. मग त्यांनी मान किंचित पुढे झुकवली, मागचे केस कापून घेताना झुकवतात तशी, आणि मी बटण दाबलं.