विमान उडालं की खाली थांबतो तो: लोणावळा आणि पवन मावळातले दोन दिवस

मे महिन्यात लोणावळ्याला जायचं नसतं, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. धबधबे कोरडे, डोंगर भाजलेले आणि हॉटेलवाले तरीही भाव सोडत नाहीत. तरी आम्ही गेलो, कारण घरात बसवत नव्हतं. आमचा मुलगा सुजय हवाई दलात लढाऊ विमान चालवतो. सीमेवर वातावरण तापलं होतं आणि त्याचा फोन बंद होता. शेवटच्या फोनवर एवढंच म्हणाला होता, "आई, फोन लागला नाही तर मी कामात आहे असं समज. आणि बातम्या बघू नकोस." पहिलं मी ऐकलं. दुसरं कोणती आई ऐकेल?

माझा नवरा अविनाश माझ्या हातून रिमोट काढून घेऊन घेऊन दमला. शेवटी म्हणाला, "चल, मामांकडे जाऊन येऊ. वाटेत एक मुक्काम लोणावळ्याला करू." त्याचे मामा पवना धरणाजवळच्या एका गावात राहतात. एकाहत्तरच्या लढाईत ते हवाई दलात मेकॅनिक होते, विमानांची देखभाल करायचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मला त्यांना एकच विचारायचं होतं: विमान धडपणे परत येतं ना? एवढ्यासाठी मी बॅग भरली.

जुन्या हायवेने गेलो. एक्सप्रेसवेने लवकर पोचता, पण मला लवकर पोचून करायचं काय होतं? सोमाटण्याला आणि वरसोलीला टोल आहे, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. तळेगावच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी फोन टेबलावर उलटा ठेवला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. "तो काय भाकरी आहे का?" अविनाश म्हणाला. मला हसू आलं, पण फोन मी पुन्हा सुलटा केलाच.

मुक्काम वलवणला केला. धरणाच्या बाजूला एक साधं लॉज आहे, आठवड्याच्या मधल्या वारी खोली पंधराशेत मिळाली, गरम पाणी सकाळी बादलीतून आणून देतात. जेवायला बाजारात गेलो. चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत एक खाणावळ आहे, तिथली आमटी खरंच चांगली आहे असं अविनाश सांगतो. मला चव सांगता येणार नाही, कारण ताट समोर आलं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर भोंगे वाजायला लागले. निवेदक ओरडत होता, विमान पाडलं, विमान पाडलं. कुणी, कुणाचं, कुठे, काही नाही. शेजारच्या टेबलावरची पोरं म्हणाली, "काका, आवाज वाढवा ना."

मी मालकांना म्हटलं, "बंद कराल का जरा?"

"मॅडम, गिऱ्हाईक मागतं हो. मॅच असल्यासारखं बघतात."

मी उठून बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिले. समोर एक कुटुंब शेंगदाणा चिक्की घ्यायची की काजू यावर वाद घालत होतं, आणि मला त्या माणसांचा इतका राग आला की काय सांगू. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं झालं होतं. थोड्या वेळाने अविनाश माझ्या पर्समध्ये पोळी-भाजीचं पार्सल कोंबत म्हणाला, "खोटी होती बातमी. आता ते तिसऱ्याच कशावर ओरडतायत." खोलीवर आल्यावर आम्ही दोघांनी फोन मध्ये ठेवला आणि झोपल्याचं नाटक केलं.

सकाळी भुशी धरणावर गेलो. पावसाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते, त्या पायऱ्या उन्हात रिकाम्या पडलेल्या. माझ्यासारख्या गर्दीला कंटाळणाऱ्यांनी हेच दिवस गाठावेत, फक्त पाण्याची आशा धरू नये आणि माकडांपासून खाऊ लपवावा. कणसं भाजणाऱ्या मावशींनी आम्हाला नीट न्याहाळलं.

"आत्ता काय बगाया आलाय? पानी कुटं हाय? जूनमदी या."

मी उत्तर देणार तेवढ्यात डोंगरामागून आवाज आला. जेट विमानाचा आवाज मला शंभर आवाजांत ओळखू येतो. दोन विमानं एकामागोमाग पुण्याच्या दिशेने गेली. आवाज पूर्ण विरेपर्यंत मी मान वर करून उभी होते. मावशी म्हणाल्या, "रोजच जात्यात की." मग माझ्याकडे बघून त्यांनी कणसाला आणखी लिंबू चोळलं.

लोणावळ्याहून पवनेकडे जायला दुधिवरे खिंडीचा रस्ता घ्या. अरुंद आहे, वळणं अंगावर येतात, नवशिक्याने गाडी चालवू नये. पण खिंड ओलांडली की एका बाजूला लोहगड, समोर तुंग आणि तिकोना, आणि खाली धरणाचं पाणी. वाटेत पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं मिळतात, ती घ्याच. मी द्रोण मांडीवर घेऊन बसले आणि आबांना कसं विचारायचं याची मनात तालीम करत राहिले.

आबा पंचाहत्तरीला टेकलेत, पण ओट्यावरून उठून गाडीला जागा दाखवायला आले ते दोन्ही हातांनी खुणा करत, जणू आम्ही धावपट्टीवर उतरलोय. मामींनी इंद्रायणीचा भात, पिठलं आणि कैरीचं लोणचं वाढलं. जेवणं होईपर्यंत कुणी सुजयचं नाव काढलं नाही. मग मीच विचारलं, "आबा, विमान परत येतं ना?"

"मशीन हाय ती. बिगडतीबी. म्हून तर खाली मानूस ठिवत्यात." त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "चाकाला पिना असत्यात, लाल फितीच्या. जमिनीवर चाक मिटू नये म्हून. विमान सुटायच्या टायमाला त्या काडायच्या आन पायलटच्या म्होरं उभं ऱ्हाऊन हात वर करून दावायच्या. त्यो मोजतो, मान हलवतो, मंग जातो. पिना आपल्यापाशी."

"आणि मग?"

"मंग काय? थांबायचं. एकदा सांज झाली, समदी आली, आमचं न्हाई आलं. सार्जंट म्हनला, पिना जमा कर. मी म्हनलो, न्हाई करत. जमा केल्या म्हंजी विमान गेलं, असं हुतं आमच्यात. लय शिव्या दिल्या त्यानं. मी जेवाया गेलो न्हाई, तितंच बसलो."

"मग आलं का?"

"सकाळी आलं. तेल संपलं म्हून दुसरीकडं उतरलं हुतं. सायेब खाली उतरला आन मलाच म्हनला, डोळं का लाल झाल्यात रं?" आबा हसले. माझ्या जिवात जीव आला, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न तोंडातून निसटला. "नेहमी आलं?"

अडकित्ता थांबला. "एकदा जमा कराव्या लागल्या," ते म्हणाले.

मामी उठून आत गेल्या. मी रडले, सरळ सगळ्यांसमोर रडले. आबांनी समजूत घातली नाही, सगळं ठीक होईल असंही म्हणाले नाहीत. मी डोळे पुसल्यावर त्यांनीच विचारलं, "तुमच्या पोराच्या विमानाला खाली कोन हाय?"

मला माहीत नव्हतं. सुजय कोणतं विमान चालवतो, त्याचा वेग किती, कोणत्या देशाकडून आलंय, हे मी सोसायटीत सगळ्यांना ऐकवलेलं आहे. पण विमानाची शिडी काढून घेणारा, सुजयचे पट्टे आवळून देणारा माणूस असतो, तोही कुणाचा तरी मुलगा आहे आणि तिथेच तळावर आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं.

परत येताना पवनानगर, कामशेत असा रस्ता धरला. कामशेतला तांदळाची पोती विकणारी दुकानं आहेत, इंद्रायणी तिथूनच घ्या. आमचा दोन दिवसांचा खर्च पेट्रोल धरून चार हजारांच्या आत बसला. मन हलकं झालं का, असं विचाराल तर नाही. भीती जशीच्या तशी घरी आणली. फक्त ती वाहताना आता आपण एकट्याच नाही, एवढं कळलं होतं.

घरी येऊन तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी उचलला.

"आई, मी ठीक आहे. फार बोलता येणार नाही."

इतके दिवस जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "सुजय, तुझ्या विमानाच्या पिना कोण काढतो?"

तो म्हणाला, "आई, नाव नाही सांगता येणार फोनवर. का गं?"

"नको सांगू. तू उतरलास की तो तिथेच असतो ना?"

"असतो. रोज."

"मग त्याला विचार, जेवलास का. माझ्याकडून विचार."