बादलीत विरघळलेला दगड

चढ संपत नव्हता आणि मावशीचं तोंडही.

"अगं चाल की जरा! माझ्या निम्म्या वयाची तू, आणि चालतेस अशी, जशी काही मी तुला दोरी बांधून बाजारात विकायला चाललेय."

भाची मागे थांबून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, एक रिकामी काचेची बरणी, भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि पोळीभाजीचा डबा. मावशीच्या हातात फक्त बॅटरी. "मी म्हातारी आहे," एवढं बोलून तिने निघतानाच वाटणी करून टाकली होती.

"दीड तास झाला, मावशी. अजून किती?"

"तुझ्या काकांना पाऊण तास लागायचा."

"काका तेव्हा तरुण होते."

"काका आळशी होते. आळशी माणूस भरभर चालतो. पोचून बसायची घाई असते त्याला."

काकांना जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. डोंगरातल्या खाणीत ते पंपावर होते. आत साठलेलं पाणी बाहेर काढायचं, एवढंच काम. ते गेले, मागोमाग खाणही बंद पडली, आणि मावशीला गावातल्या कॉलेजच्या खनिज संग्रहालयात झाडलोटीचं काम मिळालं. तिथे तिने एकतीस वर्षं फडकं मारलं. बावीस कपाटं, अठराशेच्या वर दगड. तिला एकाचंही नाव नीट उच्चारता येत नसे, पण कुठला कुठे बसतो हे ती डोळे मिटून सांगायची. तिने त्यांना आपली नावं ठेवली होती. सोन्यासारखा चमकणारा पण सोनं नसलेला तो 'जावई'. हातात घेतला की पापुद्रे सुटणारा तो 'खारी बिस्कीट'. आणि मधल्या कपाटातला एक काळा, ओबडधोबड, कुणीही न बघणारा, त्याला ती 'साहेब' म्हणायची. खरे साहेब, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, समोर असले तरी.

येत्या शुक्रवारी मावशी निवृत्त होणार होती. त्याआधी, म्हणजे उद्या सकाळी, साहेब बाहेरगावच्या एका तज्ज्ञाला घेऊन वर्गात बसणार आणि एकेक दगड बाहेर काढून तपासणार. निरोपाच्या कार्यक्रमात आपण काय बोलणार तेही त्यांनी तिला आधीच सांगून टाकलं होतं: एकतीस वर्षं, आणि एक दगड इकडचा तिकडे नाही.

घोळ तिथेच होता. एक दगड इकडचा तिकडे झाला होता. नुसता तिकडे नाही, मोरीतून पार गेला होता.

हे भाचीला कालच कळलं. मावशी संध्याकाळी घरी आली, चहा घेतला, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "सहाव्या कपाटात साबण आहे."

"कसला साबण?"

"अंगाचा."

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी कुणी मोठे पाहुणे यायचे होते. मावशीने दोन दिवस राबून सगळी कपाटं लख्ख केली. सहाव्या कपाटात एका बुचाच्या बाटलीत एक गुलाबी खडा होता, बोटाएवढा, छताला लोंबणाऱ्या सुळक्यासारखा. बाटलीवर नाव होतं, बीबराइट; खाली लिहिलेलं, कोबाल्टचं सल्फेट; त्याखाली कुठल्याशा दूरच्या खाणीचं नाव; आणि सगळ्यात खाली, बाटली उघडू नये.

"मला वाटलं, ते पोरांसाठी लिहिलंय," मावशी म्हणाली. "आणि आत धूळ होती गं! पांढरी, भुरभुरीत. बाटलीच्या आत धूळ! पाहुण्यांनी बघितली असती तर माझी काय शोभा राहिली असती?"

तिने बूच काढलं आणि खडा बादलीत टाकला, बाकीच्या दगडांबरोबर. जरा भिजू दे म्हणून दुसरं कपाट पुसायला गेली. परत आली तर पाण्याला सुंदर गुलाबी रंग. आधी वाटलं, रंग उतरला. हात घालून चाचपलं, तर खडाच नाही. ती घाबरली, बाकीचे दगड काढून घेतले आणि बादली मोरीत ओतून मोकळी झाली.

"आणि पुढल्याच महिन्यात साहेब वर्गात सांगत होते, मी दारामागे उभी. म्हणे अशी खनिजं पाण्यात विरघळतात, पण ते पाणी सावकाश आटवलं की परत मिळतात. परत मिळतात! मी तिथेच कपाळावर हात मारला. आणि ती पांढरी धूळ? धूळ नव्हतीच. खड्यातलं पाणी उडून जातं, मग तो स्वतःच असा पिठासारखा होतो. मी त्यालाच त्याची घाण समजले."

मग तिने अंगाच्या गुलाबी साबणाची वडी आणली, केसातल्या आकड्याने कोरून सुळका केला आणि बाटलीत घातला. अकरा वर्षांत तीन वेळा बदलला. विद्यार्थ्यांनी त्याची चित्रं काढली. एकाने नेमका बुचाला नाक लावून विचारलं, "मावशी, याला गुलाबाचा वास कसा येतो?" ती म्हणाली, "येतो काहींना. तिथल्या पाण्याचा गुण असतो." आणि वर त्याला तिथल्या राजाच्या बागेची गोष्टही सांगितली. त्या पोराने ते परीक्षेत लिहिलं.

"नापास झाला बिचारा. ते पाप माझ्या खात्यावर."

भाची हसून हसून बेजार झाली, आणि मग तिची नजर मावशीच्या चेहऱ्यावर गेली. मावशी हसत नव्हती. साबण उद्या सापडला, तर एकतीस वर्षांचं सगळं त्या एका बाटलीत जमा होणार होतं. मग बाकीचे अठराशे दगड कुणी मोजत नाही.

म्हणून आज हा डोंगर. काका सांगायचे, पंपाच्या खोलीत भिंतीला गुलाबी मीठ येतं. भाची प्राथमिक शाळेत शिकवत होती; ताप आल्याचं कळवून तिने रजा काढली होती. खोटं बोलल्याबद्दल सकाळी देवापुढे दिवा लावताना माफीही मागितली होती. देवाने काय ते समजून घेतलं असावं, असं निदान चढ लागेपर्यंत तरी तिला वाटत होतं.

खाणीचं तोंड दिसलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाहेर दगडांचा जुना ढीग पडला होता, आणि त्यातल्या एका दगडावर भाचीला गुलाबी पूड दिसली. छान, फिकट, गालाला लावावी अशी.

"मावशी, मिळाला! चल घरी."

मावशी वाकली, दगड निरखला आणि सरळ त्यावर थुंकली.

"शी! मावशी!"

मावशीने काडीने घासून पाहिलं. रंग होता तसाच. "हा नव्हे. हा त्याचा चुलतभाऊ. आपल्याकडे तिसऱ्या कपाटात आहे. याच्यातही कोबाल्टच, पण गंधकाऐवजी सोमल, म्हणजे ते आर्सेनिक. याला कितीही धू, ढिम्म हलत नाही. मी धुतलाय ना, दर शनिवारी! आणि उघड्यावर आहे बघ हा, इतके पाऊस खाऊन. आपला असता तर पहिल्याच सरीत वाहून गेला असता. तो छपराखालीच जगतो. आत दगडात कोबाल्ट आणि गंधक एकत्र असतात. हवा नि ओल लागली की दगड कुजतो, त्याचं पाणी भिंतीवरून झिरपतं, आणि सुकताना मागे गुलाबी सोडून जातं."

"हे सगळं काकांनी सांगितलं?"

"काकांनी मीठ एवढंच सांगितलं. बाकीचं मी दारामागून ऐकलं. एकतीस वर्षं! पदवी मात्र समोर बसणाऱ्यांनाच देतात."

खाणीच्या तोंडाला लोखंडी गजांचं दार होतं, मोठं कुलूप लावलेलं. एक गज खालून निसटला होता. मावशी काटकुळी, आधी डोकं, मग एक खांदा, मग बाकीची मावशी, अशी ती आत गेली. भाचीने प्रयत्न केला. डोकं गेलं. बाकी काही जाईना.

"तुझी आई लहानपणी तुला साय घालायची, तेव्हाच मी सांगत होते," आतून आवाज आला. "राहा तिथेच. वीस पावलांवर आहे खोली. मी बोलत राहते. गप्प झाले तर समज."

"काय समजू?"

"की ऐकायला कुणी नाही म्हणून कंटाळले."

बरणी आणि हातमोजे गजांतून आत गेले. "मोजे घाल! विषारी आहे म्हणालीस ना!" भाची ओरडली. बॅटरीचा उजेड डुलत डुलत लांब गेला आणि मावशीचं बोलणंही. पायाखाली चिखल आहे. वटवाघूळ आहे, साहेबांसारखंच दिसतंय. पंप नेला मेल्यांनी, ओटा तेवढा ठेवलाय. आणि मग एकदम काही नाही.

भाचीने हाक मारली. तिची हाकच परत आली. तिने गज घट्ट धरले आणि मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. माळ घरी राहिली होती, म्हणून गजांवरच मोजू लागली. सात गज होते. सात झाले की परत पहिल्यापासून. किती फेऱ्या झाल्या ते तिला सांगता आलं नसतं.

"आहे मी, आहे," शेवटी आवाज आला. "रडू नकोस."

"मी नाही रडत."

"मग कुणी तरी एकीने रडायला हवं ना."

मावशी बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला चिखल होता आणि बरणीत तळाशी एक गुलाबी पापुद्रा, तळव्याएवढा. उन्हात धरला तर मन हरखून जावं असा रंग. तिने काडीच्या टोकावर पाण्याचा एक थेंब घेतला आणि पापुद्र्याच्या कडेला टेकवला. कड विरघळली आणि थेंब गुलाबी झाला. मावशीने झाकण घट्ट लावलं.

डबा खाऊन दोघी उतरू लागल्या. बरणी मावशीने स्वतः धरली होती, दोन्ही हातांत. आणि ती बोलत नव्हती. भाचीला हे चढापेक्षा जड गेलं.

"काय गं मावशी? काम झालं ना? संध्याकाळी बाटलीत घातलं की सुटलीस."

"आत पूर्ण भिंत भरलीय. वरून सुळके लोंबताहेत," मावशी म्हणाली. "तुझ्या काकांनी एक खिळा मारला होता, डबा टांगायला. त्या खिळ्यावरही चढलंय. हा तुकडा त्या खिळ्याजवळचा आहे."

"बरं मग?"

"त्या बाटलीवर दुसऱ्याच खाणीचं नाव आहे."

"असेना. अकरा वर्षं साबण होता, तेव्हा तुला नाही काही वाटलं."

"साबणाला काय वाटायचंय? त्याला कुठलंही नाव चालतं. पण हा आपल्या घरचा आहे. तुझ्या काकांच्या पाठीमागची भिंत ही. तिच्यावर परक्या खाणीचं नाव लावून मी घरी जाऊ? उद्या पोरं येतील, वाचतील, म्हणतील, वा, काय ती लांबची खाण! आणि इथे डोंगरावर हा माणूस बारा वर्षं पाणी उपसत बसला होता, त्याचं काहीच नाही?"

"मग नाव बदलायला सांग साहेबांना."

"का बदलायचं ते सांगावं लागेल."

"म्हणजे बादली."

"बादली, मोरी, साबण, सगळंच."

खालची वाट मऊ होती. दूरवर संग्रहालयाचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं होतं. भाचीला वाटलं, म्हणावं, नको सांगूस, शुक्रवार जाऊ दे, मग बघू. शब्द तोंडाशी आले होते. पण मावशी बरणी अशी धरून चालली होती की त्या बरणीसमोर तिला ते बोलवेना.

"रागावतील ते," ती एवढंच म्हणाली.

"रागावू देत. भाषण बदलायला लागेल त्यांना, त्याचा जास्त राग येईल. पाठ केलंय." मावशी थांबली. पहिल्यांदाच ती चालताना थांबली होती. "ऐक. उद्या तापाची अजून एक रजा काढ."

"मावशी!"

"काढ गं. देव एवढा काही हिशेबी नाही. माझ्याबरोबर ये, पण आत यायचं नाही. वर्गाच्या दारामागे उभी राहा, मी राहायचे तिथे. तिथून सगळं ऐकू येतं. मी खरं सांगायला सुरुवात करीन. पण माझी जीभ मला माहीत आहे. साहेबांचा चेहरा पडला की मी रंगवायला लागणार. बादली आपोआप कलंडली म्हणेन. मग भूकंप आणीन. मग भूकंपात मी बाकीचे सगळे दगड कसे पदरात झेलले, ते सांगेन, आणि ते येडे विश्वासही ठेवतील. तेव्हा तू एकच कर. भूकंपाचा 'भू' ऐकलास की खोक. जोरात खोक."