फक्कीच्या रेघेवरचं गणित

आदरणीय विशाखाताई तायडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या पदर खोचून लंगडी घालत होत्या. बडनेऱ्याजवळच्या आमच्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. अंगणात चुन्याच्या फक्कीने लांब रेघ आखलेली; मधे शून्य, उजवीकडे अधिक संख्या, डावीकडे उणे. मी कडेला थांबलो, तर मॅडम म्हणाल्या, "सर, पाहून काय राहिले? या ना, उणे चारवर कोणीच नाही!" माझी नोकरी अशी शून्याच्याही खाली सुरू झाली.

गणित आधी पायांना कळू द्यावं, मग ते वहीत उतरतं, असं मॅडम मानत. सगळेच खेळ जमले असं नाही. अपूर्णांकांसाठी त्यांनी एकदा घरून भाकरी आणल्या. पाव भाकर म्हणजे किती, हे फळ्यावर लिहून होईपर्यंत वर्गाने ती खाऊनही टाकली. मॅडम पोट धरून हसल्या. "पहिले जेवण, मंग अपूर्णांक," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून कागदाच्या भाकरी आल्या.

पालकांना हे सहज पटत नसे. आमच्या वर्गातल्या नसरीनचे वडील रफीकभाई परतवाड्याकडे प्रवासी जीप चालवत. एका सकाळी ते तिचा दाखला मागायला आले. "पोरीले शिकाले पाठवतो मी, खेळाले नाही." शाळेचा पट आधीच कमी. एक दाखला गेला की पाठोपाठ आणखी जाणार आणि वर्ग बंद पडणार. मॅडमनी वाद घातला नाही. "दाखला देऊ ना, भाऊ. पण आधी एक डाव खेळा." त्यांना उणे तीनवर उभं करून मॅडमनी गणित घातलं: उणे तीनमधून उणे पाच वजा करा. रफीकभाई अडले. नसरीन पुढे झाली. "अब्बा, वजा आहे म्हणून तोंड डावीकडे करा. अन् उणे पाच आहे म्हणून पाच पावलं उलटं चाला." ते मागे मागे सरकत शून्य ओलांडून अधिक दोनवर पोचले आणि खाली पाहतच राहिले.

"अरे, ये तो बढ गया! वजा करून वाढलं कसं?"

"तुमच्या पोरीलेच इचारा," मॅडम म्हणाल्या.

बापलेकीचा तास घंटा होईपर्यंत चालला. दाखल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. नसरीन आज स्वतः गणित शिकवते.

माझी आई अकोल्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा माझे वर्गही मॅडमच घेत. रविवारी एसटीने डबा घेऊन येत आणि आईशी पत्ते खेळत बसत. सारख्या हरत. मुद्दाम हरता का, असं मी विचारलं, तर चिडल्या. "मुद्दाम कायले हरू? तुमची आई लबाडी करते!" त्या आजारपणात आई पहिल्यांदाच मोठ्याने हसली.

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याचं सांगायला आम्ही अमरावतीला त्यांच्या घरी गेलो. शाल-श्रीफळाचं ऐकून म्हणाल्या, "शाल कोणाले बी द्या. मंडपात मधली जागा मोकळी ठेवा, अन् पोरं घेऊन या." तशी जागा आम्ही ठेवली आहे, खुर्च्या कडेने लागतील. मॅडमचे गुडघे आता कुरकुरतात, पण आवाज खणखणीत आहे. तो अजून कितीतरी वर्षं पोरांच्या गलक्यावरून ऐकू येत राहो. मॅडमना निरोगी, हसतं दीर्घायुष्य लाभो, आणि त्यांच्याशी खेळायला पोरांची रांग कधी न संपो.